०.३ आणि वर चिमूटभर!

एक सोप्पं गणित घालू का? ०.१ अधिक ०.२ किती?

०.३! शाब्बास. बोटंसुद्धा मोजावी लागली नाहीत.

आता हेच गणित संगणकाला घालू या. पण संगणकाशी बोलायचं तर त्याला कळणारी भाषा हवी. आपण ‘सी’ घेऊ. हो, या भाषेचं नावच तेवढं आहे. एक अक्षर, संपलं! अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्ज नावाची प्रयोगशाळा होती. तिथे डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास ही भाषा तयार केली. पन्नाशी उलटली तरी गडी ठणठणीत आहे! अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स नावाची जी यंत्रणा चालते ना, ती बहुतेक सगळी सीमध्येच लिहिलेली आहे.

तर सीला विचारलं, बाई गं, ०.१ अधिक ०.२ किती?

ती म्हणाली, ०.३०००००.

अगदी बरोबर! पण थांब, एवढ्यात टाळ्या नकोत. आपण काही सांगितलं नाही, तर सी दशांशचिन्हापुढचे फक्त ६ आकडे दाखवते. बाकीचे पदराखाली! आपण म्हणू, ६ नकोत, चांगले १७ आकडे दाखव.

आणि काय छापून आलं, सांग बघू?

०.३००००००००००००००४

अरेच्चा! हा शेपटीचा ४ कुठून आला? संगणक बिघडला? की सीचं गणित कच्चं आहे?

यातलं काहीच नाही. आपल्याला वाटतं, संगणक आकडे ‘लिहून’ ठेवतो. तो लिहीत नाही. तो आकडे ‘तोलतो’! कसे, ते पाहू. त्यासाठी आपल्याला एका जुन्या किराणा दुकानात जायचंय. चल!

किलो आणि ग्रॅम येण्याआधी आपल्याकडे शेराचं माप चालायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, डोळे चमकतील! शेराच्या निम्मं ते अच्छेर. त्याच्या निम्मं पावशेर. त्याच्या निम्मं नवटाक. आणि नवटाकाच्या निम्मी छटाक. दर वेळी निम्मं! म्हणजे छटाक हा शेराचा सोळावा भाग झाला.

आता दुकानदाराकडे यातलं प्रत्येक वजन एकेकच आहे, असं समज. कुणी पाऊण शेर गूळ मागितला. दुकानदार काय करील? अच्छेर आणि पावशेर अशी दोन वजनं पारड्यात टाकील. झाला पाऊण शेर! कमी नाही, जास्त नाही.

म्हणजे प्रत्येक वजनाबद्दल त्याला एवढंच ठरवायचंय: टाकू की नको? टाकलं तर १, नाही टाकलं तर ०. आणि संगणकाला काय काय कळतं, ठाऊक आहे? फक्त १ आणि ०! म्हणून त्याच्या पोटातला प्रत्येक अपूर्णांक असाच तोललेला असतो. अच्छेर टाकू? हो. पावशेर? नको. नवटाक? हो...

आता खरी गंमत! आपल्या दुकानात एक खट्याळ गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मला शेराचा बरोब्बर दहावा भाग गूळ द्या.” म्हणजे ०.१ शेर.

दुकानदार वजनं शोधू लागतो. नवटाक? ते ०.१२५ शेर, जास्त होईल. छटाक? ०.०६२५. चालेल, टाक! अर्धी छटाक? ०.०३१२५. तीही टाक! झाले ०.०९३७५. अजून थोडा गूळ हवाय. पाव छटाक? जास्त होतेय. तिच्या निम्मी? तीही जास्त. तिच्या निम्मी? हां, बसली. तिच्याही निम्मी? बसली! आता झाले ०.०९९६०९३७५.

अजूनही थोडं कमीच! मग पुढची दोन वजनं नकोत, त्यापुढची दोन हवीत. पुन्हा दोन नकोत, दोन हवीत. दोन नकोत, दोन हवीत...

हे कधी संपणार?

कधीच नाही! अगदी कधीच्च नाही. निम्म्या-निम्म्या वजनांनी शेराचा दहावा भाग तंतोतंत तोलताच येत नाही. दुकानदाराचे केस पांढरे होतील, गुळाला मुंग्या लागतील, तरी काटा मधोमध यायचा नाही! कागदावर आपलं ‘०.१’ किती गरीब दिसतं ना? संगणकाच्या तराजूवर तेच इतकं हट्टी निघतं.

मग संगणक काय करतो? त्याच्याकडे वजनांचा एक डबा असतो. सीमध्ये ‘डबल’ नावाचा डबा आहे, त्यात बरोबर ५३ वजनं मावतात. ५३ झाली की डबा संपला! शेवटचं वजन टाकायचं की नाही हे तो जवळात जवळ काय येईल ते बघून ठरवतो आणि पारडं उचलतो. त्यामुळे संगणकाच्या घरातलं ०.१ हे खरं तर असं असतं:

०.१०००००००००००००००००५५५...

पाहिलंस? चिमूटभर गूळ जास्त! ०.२ मध्येही असाच चिमूटभर जास्त. पण ०.३ ची गंमत उलटी, ते तोलताना गूळ चिमूटभर कमीच पडतो. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली आणि सीला विचारलं, हे ०.३ एवढंच आहे का गं? तर ती चक्क ‘नाही’ म्हणते!

आणि ०.५ अधिक ०.२५? तिथे ०.७५ अगदी तंतोतंत येतं. का, ते आता तुलाच ठाऊक आहे. अच्छेर आणि पावशेर!

आता या डब्याची एक अजब करामत ऐक. यातली वजनं ठरलेली नसतात! हत्ती तोलायचा असेल, तर डब्यातलं पहिलं वजन हत्तीच्या बेताचं होतं. मुंगी तोलायची असेल, तर मुंगीच्या बेताचं. त्यापुढची वजनं निम्मी-निम्मी होत जातात. संख्या तेवढी ५३च. डबा असा मोठ्या मापांकडे नाहीतर छोट्या मापांकडे सरकत राहतो. दशांशचिन्ह जणू पाण्यावर तरंगत हवं तिकडे जातं. म्हणून या पद्धतीला म्हणतात ‘फ्लोटिंग पॉइंट’!

सीकडे याहून छोटाही एक डबा आहे. त्याचं नाव ‘फ्लोट’. त्यात फक्त २४ वजनं. आणि त्यातून एक जादू होते. फ्लोटमध्ये १६७७७२१६ ही संख्या ठेव. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा. आता त्यात १ मिळव.

उत्तर किती? १६७७७२१७?

चूक! उत्तर पुन्हा १६७७७२१६च!

तो १ गेला कुठे? हत्तीच्या पारड्यात मुंगी टाकली, त्यातला प्रकार. एवढी मोठी संख्या तोलताना डब्यातलं पहिलं वजन १६७७७२१६चं. पुढे निम्मं, निम्मं करत २४वं आणि शेवटचं वजन येतं ते २चं. १चं वजन डब्यात उरतच नाही! मग बिचाऱ्या १ला कोण विचारतो? हजार वेळा एकेक करून मिळवलास, तरी काटा हलायचा नाही. मला तर हे ०.३च्या शेपटीपेक्षाही भारी वाटतं.

पूर्वी तर आणखी गोंधळ होता. प्रत्येक कंपनीच्या संगणकाचा डबा वेगळा, चिमूट टाकायची रीत वेगळी. एकच गणित दोन संगणकांवर दोन उत्तरं द्यायचं! मग विल्यम कहान नावाचे कॅनडात जन्मलेले प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी सगळ्यांसाठी एक नियमावली तयार केली. १९८५ साली ती जाहीर झाली. तिचं नाव ‘आयईईई ७५४’. दुकानदारांनी एकदाची सारखी वजनं वापरायला सुरुवात केली म्हणायचं! कहानांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातला हा सगळ्यात मानाचा पुरस्कार.

आता दुकानातून जरा आतल्या खोलीत जाऊ. तिथे एक खजिना आहे!

सी भाषा स्वतः काय काय करते? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. वर्गमूळ? येत नाही! घात? येत नाही! अनेकांना वाटतं, २ चा १०वा घात हवा तर दोघांच्या मध्ये छोट्या टोपीचं चिन्ह टाकावं. टाकून बघ. उत्तर १०२४ यायला हवं ना? येतं ८! कारण सीमध्ये त्या टोपीचं काम निराळंच आहे. दोन संख्यांतले १ आणि ० ताडून बघायचे आणि जिथे ते वेगळे असतील तिथे १ ठेवायचा, अशी ती खूण आहे.

मग अवघड गणितं कोण करतं? त्यासाठी सीसोबत एक गणिताची लायब्ररी मिळते. हे वाचनालय मात्र पुस्तकांचं नाही, तयार युक्त्यांचं! घात हवा? ‘पॉव’ला हाक मार. वर्गमूळ हवं? ‘एसक्यूआरटी’ला. अशा प्रत्येक युक्तीला म्हणायचं ‘फंक्शन’. कंसात तू आकडा ठेवायचा, त्याने उत्तर आणून द्यायचं.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. प्रोग्रॅमच्या डोक्यावर ‘मॅथ डॉट एच’ या फाइलीचं नाव लिहायचं. या फाइलीत सगळ्या युक्त्यांची नावं असतात. पण नुसती नावंच! प्रत्यक्ष युक्त्या दुसऱ्याच ठिकाणी असतात. म्हणून लिनक्सवर प्रोग्रॅम तयार करण्याच्या आज्ञेत शेवटी आणखी एक शेपूट लावतात: वजाचं चिन्ह, त्याला चिकटून ‘एल’ आणि ‘एम’. ‘एम’ म्हणजे मॅथ! ते विसरलं की संगणक कुरकुरतो, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. म्हणजे, नाव तर घेतलंस, पण हे राहतात कुठे? सी शिकणारं जवळजवळ प्रत्येक जण या दगडाला एकदा तरी ठेचकाळतं.

चल, आता वर्गमूळाची युक्ती आतून उघडून बघू.

२ चं वर्गमूळ म्हणजे काय? ज्याचं क्षेत्रफळ २ आहे, अशा चौरसाची बाजू. आपल्याला ती माहीत नाही. मग अंदाज करू! समजा १.५. एक बाजू १.५ असेल, तर दुसरी किती हवी? २ भागिले १.५, म्हणजे १.३३३३. अरे, हा तर चौरस नाही, आयत झाला! एक बाजू लांब, एक आखूड. हरकत नाही. दोघींची सरासरी काढू: १.४१६६७. ही आपली नवी बाजू.

पुन्हा तेच. २ भागिले १.४१६६७ म्हणजे १.४११७६. सरासरी १.४१४२१५७. आयत आता जवळजवळ चौरस दिसतोय.

पुन्हा एकदा! सरासरी येते १.४१४२१३५६२३७४...

आणि खरं उत्तर? १.४१४२१३५६२३७३... तिसऱ्याच फेरीत दशांशचिन्हापुढचे पहिले ११ आकडे बरोबर! चौथ्या फेरीत तर ५३ वजनांचा अख्खा डबा भरतो. आहे की नाही भन्नाट? ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या हेरॉन यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. वीज नव्हती तेव्हा! आज बहुतेक प्रोसेसरांमध्ये वर्गमूळ काढायची सोय चिपवरच असते. आणि आयईईई ७५४चा नियम फार कडक आहे: वर्गमूळाचं उत्तर डब्यातल्या वजनांनी जितकं जवळ जाता येईल, तितकं जवळच हवं. एक वजनही इकडचं तिकडे चालणार नाही.

आता ‘साइन’ नावाच्या फंक्शनकडे वळू. वरच्या इयत्तांमध्ये त्रिकोणमिती येते, तिथे हा भेटतो. कोन दिला की तो एक संख्या देतो. दादा-ताईंच्या पुस्तकात असतं, ३० अंशांचा साइन ०.५. सोपं आहे. मग सीला विचारू, साइन, कंसात ३०.

उत्तर: वजा ०.९८८!

काय हे! आता ही चिमूटभर गुळाची चूक नाही हं, इथे पोतंच्या पोतं बदललंय. का बरं?

स्वयंपाकघरातून एक ताट आण आणि एक दोरा. ताटाच्या मध्यापासून काठापर्यंत दोरा ताण आणि तेवढाच काप. आता तो तुकडा ताटाच्या काठावरून वळवून बसव. त्या तुकड्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत जो कोन झाला, तो ‘१ रेडियन’. ताट लहान असो की परातीएवढं, कोन तोच! अख्ख्या काठाला असे किती तुकडे लागतील? सहा, आणि वर जरासा: ६.२८३. सी कोन मोजते ते या रेडियनमध्ये. अंश तिला ठाऊकच नाहीत!

म्हणून तू ३० म्हटलंस, की ती ताटाभोवती ३० दोरे टाकत सुटते. पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्त फिरते आणि ताटाच्या जवळजवळ तळाशी जाऊन थांबते. तिथला साइन वजा ०.९८८. ती बरोबरच होती! ३० अंश हवे असतील, तर तिला ०.५२३५९८८ रेडियन सांगायचे. मग येईल ०.५.

पण साइनचं उत्तर ती काढते कसं? प्रत्येक कोनाचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय? कोन तर इतके आहेत की लिहायला कागद पुरायचा नाही!

तर ऐक. केरळात संगमग्राम नावाच्या गावी चौदाव्या शतकात माधव नावाचे गणिती होते. त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. साइन काढायला नुसते गुणाकार, भागाकार, बेरीज आणि वजाबाकी पुरतात! करून बघू. ०.५ रेडियनचा साइन काढू.

सुरुवात ०.५ पासूनच. ०.५ ला ०.५ ने गुण, पुन्हा ०.५ ने गुण. आले ०.१२५. त्याला ६ ने भाग. येतात ०.०२०८३३३. हे ०.५ मधून वजा कर: ०.४७९१६६७.

आता ०.५ पाच वेळा घेऊन गुणाकार कर: ०.०३१२५. त्याला १२० ने भाग आणि हे मिळव: ०.४७९४२७१.

मग ०.५ सात वेळा, भागिले ५०४०, वजा: ०.४७९४२५५३३.

आणि खरं उत्तर ०.४७९४२५५३९. अगदी हाकेच्या अंतरावर आलो की! तुझ्या लक्षात आलं का? ६ म्हणजे १ × २ × ३. १२० म्हणजे १ × २ × ३ × ४ × ५. मग ५०४० म्हणजे काय, हे तू ओळखशीलच.

आजच्या गणित-लायब्रऱ्या अगदी हेच आकडे वापरत नाहीत. कोन आधी छोटा करून घेतात, कुठे तक्ते वापरतात, आणि ६, १२० यांच्या जागी किंचित घासूनपुसून काढलेले आकडे घेतात. म्हणजे कमी पायऱ्यांत काम होतं. पण जात तीच! गुणायचं, मिळवायचं, वजा करायचं, आणि डबा भरला की थांबायचं.

आणि एक गुपित. वर्गमूळासारखी कडक सक्ती साइनला नाही. त्यामुळे एकाच कोनाचा साइन दोन वेगळ्या संगणकांवर अगदी शेवटच्या आकड्यात वेगळा येऊ शकतो. येतो तेव्हा प्रोग्रॅमर मंडळी डोकं खाजवत बसतात!

आता पूर्णांक करायच्या युक्त्या. ‘फ्लोअर’ म्हणजे खालच्या पूर्णांकावर उतर. ‘सील’ म्हणजे वरच्या पूर्णांकावर चढ. ‘राउंड’ म्हणजे जो जवळ असेल तो गाठ. ‘ट्रंक’ म्हणजे दशांशचिन्हापुढचं सरळ कापून टाक. २.७ चा फ्लोअर २, सील ३, राउंड ३, ट्रंक २. सोपं! आणि वजा २.७ चा फ्लोअर? वजा २ म्हणशील, तर फसलास म्हण किंवा फसलीस म्हण! खाली उतरायचंय ना? मग वजा ३.

कापायचं की जवळचं गाठायचं, यावरून केवढा घोटाळा होतो, बघ. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एक शेअर बाजार होता. कंपन्यांचे भाव मिळून वर गेले की खाली, हे सांगायला त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये एक निर्देशांक सुरू केला. सुरुवात १००० पासून. प्रत्येक सौद्यानंतर संगणक नवा आकडा काढायचा आणि दशांशचिन्हापुढे फक्त तीनच आकडे ठेवायचा. पुढचे कापून टाकायचा! जवळचं गाठायचा नाही, नुसता कापायचा. एका वेळी चिमूट. पण दिवसाला हजारो चिमटी!

नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४च्या आसपास घसरला होता. बाजार तर काही इतका वाईट चालला नव्हता. मग कुणाला तरी गणित तपासायची बुद्धी झाली. पुन्हा नीट हिशेब केला, तर निघाला १०९८हून अधिक! अर्ध्याहून जास्त गूळ कापाकापीतच सांडला होता!

बरं, आता जरा वाह्यातपणा करू. बाई शाळेत काय सांगतात? शून्याने भागायचं नाही! आपण सीला मुद्दाम सांगू: १.० भागिले ०.०.

फटाका फुटेल? संगणक बंद पडेल? छे! ती शांतपणे छापते, ‘इन्फ’. म्हणजे अनंत. त्यात ५ मिळव. उत्तर? इन्फ! त्यातून एक कोटी काढून घे. इन्फ! काही केल्या ते हलत नाही. (हे १.० असं लिहिलं, तरच हं. नुसतं १ आणि ० लिहिलंस, तर सी त्याला पूर्णांक समजते, मग अनेक संगणकांवर प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो. पूर्णांकांच्या राज्यात तर १ भागिले २ चं उत्तरही ० येतं!)

आणि सांगू का? हे हलवता न हलणारं अनंत आपल्या ओळखीचं आहे! भास्कराचार्य, ज्यांचा जन्म १११४ सालचा, त्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात शून्याने भागलेल्या संख्येला ‘खहर’ म्हटलंय. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही, असं ते सांगतात. अगदी इन्फसारखंच! याच भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून आपल्या चाळीसगावजवळ पाटण इथे मठ सुरू केला होता. तसं सांगणारा शिलालेख तिथल्या देवळात सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

याहून विचित्र प्राणी आहे ‘नॅन’. एसक्यूआरटीला वजा १ चं वर्गमूळ विचार. कुठल्याही साध्या संख्येला स्वतःशी गुणून वजा १ येत नाही. मग ती छापते ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’. आता नॅनला विचार, तू नॅनएवढा आहेस का?

उत्तर: नाही!

स्वतःच स्वतःएवढा नाही! फ्लोटिंग पॉइंटच्या अख्ख्या राज्यात असा हा एकटाच. कुणी म्हणेल, काय हा वेडेपणा. पण मला तो भलताच हुशारीचा वाटतो. जो आकडा स्वतःशीच जुळत नाही तो नॅन, असं म्हटलं की त्याला पकडणं किती सोपं झालं! शिवाय त्याला पकडायला लायब्ररीत ‘इझनॅन’ नावाचा शिपाईही आहेच.

मग ०.१ अधिक ०.२ ची तुलना ०.३ शी करायची कशी? ‘एवढंच आहे का?’ असं विचारायचंच नाही. ‘किती जवळ आहे?’ असं विचारायचं. दोघांची वजाबाकी करायची. ती उणे आली तर ‘फॅब्ज’ हे फंक्शन उण्याचं चिन्ह पुसून टाकतं. मग बघायचं, उरलेला फरक अगदी चिमटीएवढा आहे ना? असला तर चालतंय की!

हे विसरलं तर काय होतं, ते करून बघायचंय? मग हा प्रोग्रॅम लिही. एक डबल घे, त्यात ० ठेव. त्यात पुन्हा पुन्हा ०.१ मिळवत राहायला सांग. थांबायचं केव्हा? बरोब्बर १ झाला की.

दहा वेळा मिळवलं की १ होणारच, हो ना? दहाव्या वेळी येतं ०.९९९९९९९९९९९९९९९८९! सी म्हणते, हे काही १ नव्हे, पुढे चला. अकराव्या वेळी १.१च्या आसपास. १ तर मागेच राहिला! आता ती सुसाट सुटते. १०, १००, लाख, कोटी...

सेकंदाला शंभर कोटी बेरजा केल्या, तरी तीन महिन्यांहून जास्त काळ ती धावत राहील. आणि मग ११२५८९९९०६८४२६२४ या आकड्यावर येऊन अडकेल. का? हत्ती आणि मुंगी आठव! इथे डब्यातलं ५३वं, सगळ्यात लहान वजन असतं ०.२५चं. ०.१ त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून काटा हलतच नाही. ती मात्र जोमाने ०.१ मिळवतच राहणार, मिळवतच राहणार!

तीन महिने वाट बघायची नसेल, तर कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाब. लगेच थांबेल!